एकेक ओळ वाचणारे सर

अहवाल हातात आला की सर आधी त्यातला सगळ्यात चांगला आकडा अंगठ्याने झाकायचे. आमचं मॉडेल खऱ्या माहितीशी एकूण किती जुळलं हे सांगणारा तो आकडा. त्याच्यासाठी आम्ही विद्यार्थी रक्त आटवायचो आणि सर म्हणायचे, "ते ऱ्हाऊ दे. कुठं चुकलंय ते दाव."

सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कोणत्या गावातून रोज किती माणसं कुठे जातात, याचा अंदाज करणारी मॉडेलं ते तपासत. गडमुडशिंगी ते कोल्हापूर, कागल ते कोल्हापूर. अंदाज किती, प्रत्यक्षात किती, असं ओळीमागून ओळ वाचत. मोठ्या गावांपाशी फारसे रेंगाळत नसत. "बारक्या गावात धा मान्सं चुकली म्हंजे निम्मी गाडी चुकली की!" फरक मोठा दिसला की स्वतः त्या थांब्यावर जाऊन उभे राहत. शेजारी आम्ही, कपाळाला आठ्या घालून.

बसफेऱ्यांच्या फेरआखणीचं काम मला मिळालं, तेव्हा तो आकडा इतका झकास आला की मी हवेतच होते. सरांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी.

"एकेक ओळ बघितलीस न्हवं, पोरी?"

"बघितली की, सर."

बघितली नव्हती. कंटाळा केला होता, एवढंच.

हातकणंगल्याच्या बाजूचं एक लहान गाव. तिथल्या मुली जवळ म्हणून हातकणंगल्यालाच शिकायला जाणार, असं माझं मॉडेल म्हणत होतं. त्या जात होत्या कोल्हापूरला, नर्सिंगला. माझ्या अंदाजावरून त्यांची सकाळची कोल्हापूरची गाडी बंद झाली. पट्टी निघाल्यावर सरांना ती ओळ सापडली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या थांब्यावर गेलो.

तिथे एक बाई भेटल्या. "आता मोजून काय करतासा? पोरगी घरात बसलीया. बापानं स्थळं बघाय काढल्यात."

मी तोंड उघडण्याआधीच सर म्हणाले, "चूक माझी हाय, ताई. मी हिचा मास्तर. मी तपासाय पायजे हुतं."

मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

सरांनी अर्ज केले, हेलपाटे घातले. गाडी पुन्हा सुरू झाली, पण तोवर त्या मुलीचं लग्न झालं होतं.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, ती ओळ तुझ्या नजरंतनं सुटली कशी गं?"

"नजरचूक झाली, सर."

त्यांनी माझा हात थोपटला. "हुतंय की," म्हणाले.