मासोळीबाईचा शेवट

वडशाच्या नाटककारानं माझ्या आईला फसवलं. तणसाचा, भाताच्या वाळल्या पेंढ्याचा, वास आला की अजून डोकं तापतं, कारण त्या दिवशी नाटकाच्या मंडपात आम्ही तणसावरच बसलो होतो. तळ्यातली मासोळी मासे धरणाऱ्या ढिवराची बायको होते आणि त्यानं हात उगारताच पाण्यात परत जाते, ही आईची गोष्ट. "बाई, जशीच्या तशी मांडतो," म्हणून नाटककारानं ती नाटकासाठी नेली. मी मासळीच्या धंद्यातला, घासाघिशीत मुरलेला. पुढची जागा आणि जाहिरातीत आईचं नाव भांडून मिळवलं. आमच्याकडे ऐकणारा हुंकार देतो आणि हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. आई रंगात येऊन "हं, हं" करत होती. शेवटी मासोळी नवऱ्याच्या पाया पडली. टाळ्या झाल्या. आई कुजबुजली, "मी हुंकार बंद केला न, मंग हे काऊन थांबून नाई राह्यले?" मी बाहेर नाटककाराची कॉलर धरली. तो हसला, "भाऊ, लोककथा सगळ्यायचीच असते. शेवटाचं तुम्ही कुठी बोलले होते?" माझा हात खाली आला. जागेसाठी भांडलो, शेवटासाठी नाही. ही लाज जात नाही. आई आता गोष्टच सांगत नाही. त्या नाटककारानं तिच्यासमोर बसून आपला शेवट सांगावा आणि ती हुंकार का देत नाही, याचं उत्तर द्यावं.