थिनरचा बोळा

शमुवेल पेंटरच्या हातून येशूच्या आईचं नाक गेलं ते नाताळच्या बरोबर सहा दिवस आधी, भर दुपारी, आणि तेही भक्तिभावानं.

दुसरा कुणी असता तर त्यानं आधी मेंढराच्या पुतळ्याच्या पोटावर करून बघितलं असतं. पण पाटी रंगवायची तर मालकाचं नाव आधी, बाकीचा पसारा मागाहून, हा शमुवेलचा आयुष्यभराचा शिरस्ता. म्हणून नाताळच्या गव्हाणीसाठी आलेल्या खोक्यातल्या नऊ पुतळ्यांतून त्यानं पहिली उचलली ती मरिया. पांढऱ्या प्लास्टिकची, वीतभर उंच. अंगाला साच्यातलं तेलकट लागत होतं. पत्र्याची पाटी तो रंगाआधी थिनरच्या बोळ्यानं पुसून घेई, तसाच त्यानं हिच्या तोंडावरून बोळा फिरवला. बोळा चिकटला. ओढला तर नाक, ओठ, हनुवटी सगळंच त्याच्याबरोबर लांबत आलं, आणि गालावर राहिला शमुवेलच्या अंगठ्याचा ठसा. डोळे तेवढे वाचले.

शेवगावकडच्या या गावात बहात्तरच्या दुष्काळानं बैलगाड्या नि दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम कधीच बंद पाडलं होतं. त्यात हे पुतळे आले ते मायदेशी परतलेल्या मिशनच्या म्हाताऱ्या मडमसाहेबांकडून, मुद्दाम बिनरंगाचे. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, 'रंग तुम्ही तुमच्या हातांनी द्या.' शाळेतले गिदोन मास्तर म्हणाले, नगरचा पेंटर बघू. चर्चचे पाळकसाहेब सगळ्या मंडळीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शमुवेलची जबाबदारी माझी." आणि आमचे शमुवेलराव गप्प बसतील तर शपथ! "पत्र्यावर रंग धरतो, लाकडावर धरतो, प्लास्टिक काय आभाळातून पडलंय?" असं छाती काढून बोलून बसले. आता ती छाती जागेवर नव्हती. आपली फजिती झाली तर होऊ दे, पण पाळकसाहेबांचा शब्द खाली पडणार, याची त्याला खरी लाज वाटत होती.

संध्याकाळी त्याची बायको सारा दुष्काळी कामावर खडी फोडून आली. तिनं डोक्यावरची पाटी उतरवली आणि पुतळा हातात घेतला.

"ह्ये काय करून ठिवलं वं?"

"थिनरनं गेलं. साबनानं धुवाया पायजे हुतं."

"मग धुवा की बाकीची."

"पानी?"

घरात एक हंडा होता, टँकर परवा येणार होता. सारानं दोन तांबे मोजून घमेल्यात ओतले. त्या पाण्यात आठ पुतळे न्हाऊन निघाले, आणि ते पाणी पुन्हा शेळीला चालणार नाही म्हणून ती हळहळली.

दुसऱ्या दिवशी शमुवेलला अक्कल आली. मेंढराच्या पोटावर रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा थेंब टाकून तो पाऊण तास राखण करत बसला. प्लास्टिक शाबूत राहिलं. मग त्यानं ऑइलपेंटच्या डब्या उघडल्या. मिशनच्या कॅलेंडरात सगळे गुलाबी होते, म्हणून आधी त्यानं गुलाबी कालवला. योसेफाच्या हातावर लावून बघितला, तर माणूस कांजण्या उठल्यासारखा दिसायला लागला. तो पुसला. पांढऱ्यात रेड ऑक्साइड, त्यात चिमूटभर काळा, पुन्हा थोडा पिवळा, असं करत करत आपल्या मनगटाशी जुळेपर्यंत तो ढवळत राहिला. मेंढपाळांना लाल फेटे आले, खांद्यावर काळी घोंगडी आली. पण थंडीत रंग दोन दोन दिवस वाळेना, आणि वाऱ्यावर उडणारी धूळ ओल्या रंगावर बसायला टपलेलीच. प्रत्येक पुतळ्यावर घरातली एखादी टोपली नाहीतर पाटी उपडी घालावी लागे. मरिया एकटी कोपऱ्यातल्या पाटीखाली तशीच पडली होती.

तीन दिवस उरले असताना पाळकसाहेब आले. त्यांनी योसेफ बघितला, मेंढरं बघितली, खूश झाले. मग त्यांचा हात कोपऱ्यातल्या पाटीकडं गेला.

"साहेब, नका!" शमुवेल ओरडलाच. "वाळतीय. उघडली तर धूळ बसंल."

"बरं, बरं." पाळकसाहेब मागं सरले. "मास्तर रोज विचारतात. मी सांगतो, शमुवेल आहे ना."

ते गेले. शमुवेलनं ब्रश खाली ठेवला. नगरहून दुसरी मरिया मिळायची नाही, आणि पाळकाशी खोटं बोलून झालं होतं. त्याला रडूच फुटलं.

तेवढ्यात सारा खडीवरून आली. धुळीनं पांढरी झालेली, नाकातोंडावरून पदर घट्ट आवळलेला, नुसते डोळे उघडे. ती पदर सोडणार एवढ्यात शमुवेल म्हणाला, "थांब. सोडू नगं."

"आता काय?"

"उजेडात बस. हिकडं बघ."

त्यानं ब्लेडनं मरियेच्या तोंडावरचे प्लास्टिकचे धागे छाटले. लांबलेल्या ओठांच्या वळ्या उरल्या, त्या कापडाच्या चुण्यांसारख्या दिसत होत्या. कॅलेंडरातल्या मरियेचा निळा रंग त्यानं बाजूला सारला. हिरव्यात पांढरा आणि मातकट करडा कालवून साराच्या विटक्या लुगड्याचा रंग केला आणि मरियेचा पदर डोक्यावरून खाली, नाकातोंडावर ओढला. डोळे रंगवून होईपर्यंत सारा भुकेली, तहानलेली, तशीच बसून राहिली.

नाताळच्या सकाळी शमुवेलनं गव्हाणीभोवती पुतळे मांडले, मरियेला मेंढरांच्या मागं. खडीवरच्या बायाही आल्या होत्या, त्यांत गावची कडूबाई होती. गिदोन मास्तरांनी चष्मा पुसला आणि ते वाकले.

"मरियेचं तोंड का झाकलंय?"

पाळकसाहेबांनी शमुवेलकडं बघितलं. ती नजर त्याला सोसवेना. खडीवर धुळीपायी बाया तोंड झाकतात, असं सांगायला कारण तयार होतं. पण ते त्यानं बाजूला ठेवलं.

"मास्तर, तोंड न्हाई तिला," तो म्हणाला. "माज्या हातानं थिनर लागलं. गेलं. साहेबास्नी बी मी खोटं सांगितलं."

मास्तरांनी तोंड उघडलं, पण त्याआधी कडूबाई पुढं झाली. तिनं मरियेला जवळून न्याहाळलं, मग थंडी-धुळीनं फुटलेला आपला गाल पदरानं पुसला.

"गेलं तर गेलं, मास्तर," ती म्हणाली. "खडीवर आमची तरी तोंडं कुठं ऱ्हायलीत?"

मग मास्तरांनी स्वतःच्या हातानं मरियेला उचललं आणि मेंढरांच्या मागून काढून अगदी पुढं, बाळाजवळ ठेवलं. सारानं डोळ्याला पदर लावला.