भेरूजींचा चोळा

परवा मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीने विचारलं, "दादाजी, तुमच्या चित्रांत ही आध्यात्मिकता येते कुठून?" मी ठेवणीतलं उत्तर दिलं, मौन, साधना वगैरे. साफ थाप. खरं सांगायची लाज वाटते, म्हणून आयुष्यभर टोलवत आलोय.

मध्यप्रदेश तेव्हा नवा नवा होता आणि मी चित्रकलेचा विद्यार्थी, अंगात नको तेवढी मस्ती. शहराबाहेर खजराण्याच्या वाटेवर कडुनिंबाखाली भेरूजी या ग्रामदेवाचा दगड होता. जवळच राहणारी एक म्हातारी दर रविवारी त्याला तेलात कालवलेल्या शेंदराचा चोळा चढवायची. थरांवर थर साचून तो दगड चांगला माठाएवढा झाला होता. दुकानातला लाल रंग मला मेलेला वाटायचा, आणि हा जिवंत. देव तर निराकार, मग दगडाचं काय एवढं, अशी स्वतःची समजूत घालून मी एका दुपारी पॅलेट नाइफने तळहाताएवढा तुकडा उचकटला. तो खलून रंगात मिसळला. चित्र गाजलं, बक्षीसही मिळालं.

माळव्यात मानतात, देव आपला चोळा आपणच उतरवतो. खड्डा पाहून म्हातारीला वाटलं, देव रुसला, आपलंच काही चुकलं. सुनेशी भांडून त्याच तोंडाने पूजेला आले, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दगडाला हात लावणं तिने सोडलं. रस्त्याच्या पलीकडूनच हात जोडायची. मी हे पाहत होतो. एक वाक्य बोललो असतो तर ती सुटली असती, पण माझं नाव गेलं असतं.

मग एक दिवस तीच माझ्या दाराशी आली. हा पोरगा रंगांतला जाणकार, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"भिया, म्हारा हाथ को चोलो भेरूजी के नी भायो. तमारा हाथ में कला हे. अब तम चढ़ई दो."

तिच्या हातचा चोळा देवाला रुचला नाही, म्हणून आता तो मी चढवायचा. मी गेलो. तिनेच कालवून आणलेला शेंदूर घेतला आणि माझ्याच सुरीने पडलेला खड्डा अगदी सफाईने बुजवला. ती उन्हात लांब उभी होती. काम झालं तसं तिने भेरूजींना लांबूनच नमस्कार केला, मग वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.