देवबागच्या शोकेसमधलं पदक

जोडून सुट्टी आली आणि आमच्या दोस्तानं, बंड्यानं, बाईकला किक मारली, मी मागे. कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, पुढे कणकवलीवरून मालवण. निवांत गेलात तर जेवायच्या वेळेला पोचाल. घाटात खड्डे आहेत, उगाच शायनिंग नको.

राहिलो देवबागला, एका मच्छीमार काका-काकींच्या घरी. माणशी अडीचशे, जेवणासकट. बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी असली की आम्हाला दुसरं काय सुचतंय राव!

जेवून सोप्यात बसलो तर शोकेसमध्ये उघड्या डबीत सेना पदक. शेजारी वर्दीतल्या पोराचा फोटो. फोटोला हार नव्हता, म्हणून मला वाटलं, पोरगा ड्युटीवर असणार.

"काकी, जरा लावून बघू? ब्लॉगवर फोटो टाकतो!"

काकी घुटमळल्या. पण पाहुण्याला नाही म्हणायची त्या घराला सवय नव्हती. "लाव रे झिला, लाव." झिल म्हणजे मालवणीत लेक.

मी छाती फुगवून दात काढले, बंड्यानं फोटो ओढला. वर माझी वटवट सुरूच. "मुलगा सुट्टीवर आला की सांगा, तुझं पदक एका कोल्हापूरकरानं पळवलंय!"

काका दारात जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "पावण्यानु, तो नाय येवचो. कारगिलाक गेलो तो गेलोच."



"पदक मागसून इला," काकी म्हणाल्या. "माझ्याच हातात दिल्यानी. तेच्या छातीर ह्या कधी लागलाच नाय."

म्हणजे ते पहिल्यांदा लागलं ते माझ्या छातीवर! फुलाफुलांच्या शर्टावर! इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मी पिन काढायला लागलो, तर ती निघेना.

"रव जरा," म्हणत काकींनी पदकावर तळवा ठेवला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फोटो माका धाडतलंस मां? छातीर कसा दिसता, ता बघूचा होता."

दुसऱ्या दिवशी होडीनं सिंधुदुर्ग किल्ला केला. किल्ला सुंदर आहे, जरूर बघा. मला विचाराल तर त्यातलं काही आठवत नाही. तुम्ही जाल तेव्हा एवढं करा, लोकांच्या शोकेसला हात लावण्याआधी नीट विचारा.

घरी येऊन फोटो पाहिला. पदक झकास दिसत होतं आणि वर माझं ते दात काढलेलं थोबाड. असला फोटो त्या माउलीला कुठल्या तोंडानं पाठवायचा? स्टुडिओत गळ्याच्या वरचं कापून घेतलं, नुसती छाती आणि पदक दिसेल असा फोटो पोस्टात टाकला.

नंतर काकींचा फोन आला.

"गावलो रे फोटो. पण तोंड कित्याक कापलंस? हसत होतंस मां तू?"

"होय काकी," मी म्हणालो.

"पदक लावल्यार माझो झिलय हसलोच असतो. आख्खो धाड."