रावजी ड्रायव्हरची घरमोटार

रावजीबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला सोलापुरात भेटला नाही, आणि मी तो शोधायलाही गेले नाही. मेलेल्याविषयी वाईट बोलू नये म्हणतात. तेवढं पाळायचं तर रावजीविषयी बोलण्यासारखं काही उरत नाही.

तो कालव्यांच्या खात्यातल्या एका इंग्रज साहेबाचा ड्रायव्हर. साहेबाला करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत दौरे असत, म्हणून त्याने मोटारीच्या चासीवर, म्हणजे चाकांवरच्या उघड्या लोखंडी चौकटीवर, लाकडी खोली बांधून घेतली होती. आत घडीची खाट, कपाट, तोंड धुवायचं भांडं, खिडक्यांना जाळ्या. विलायतेला परत जाताना साहेब ही घरमोटार रावजीला देऊन गेला. रावजी आणि त्याची बायको बजाबाई तिच्यातच राहू लागली. मोटार उभी असायची आमच्या बंगल्याच्या आवारात. माझे वडील, म्हणजे अण्णा, वकील होते आणि त्यांनी नुकतीच फोर्ड घेतली होती. रावजीने फोर्ड चालवावी आणि बदल्यात जागा वापरावी, असं ठरलेलं.

साहेबाची मोटार चालवलेली, त्यामुळे बाकी सगळी माणसं रावजीच्या लेखी बैलगाडीतली. अण्णांच्या पक्षकारांना तो फोर्डच्या दाराला हात लावू देत नसे. एकदा बार्शीच्या एका आडत्यासमोर त्याने अण्णांनाच सुनावलं, की वकीलसाहेब, जोडे झटकून बसा, साहेब झटकायचे. अण्णांनी त्याच दिवशी त्याला काढून टाकलं आणि बजावलं, दसऱ्याला ती मोटार स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली पाहिजे. नाही गेली तर भंगारवाल्याला देऊन टाकीन.

हे साल चौतीस. मी बी. ए. होऊन घरी बसले होते आणि येईल त्या स्थळाला नाही म्हणत होते. घरात माझ्याशी फारसं कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे आवारात काय चाललंय ते पाहायला मला वेळच वेळ होता.

मोटार जाणार कशी? इंजिन ठणठणीत होतं. रावजी ते रोज सकाळी सुरू करायचा आणि आमच्या माजघरात धूर सोडायचा. पण लाकूड कुजलं होतं. वरून छप्पर गळत होतं, खालून वाळवी चढली होती. बाहेरचा हिरवा रंग शाबूत, आणि बोट दाबलं की आत भुगा. पहिल्या खड्ड्यालाच छप्पर बजाबाईच्या डोक्यावर आलं असतं. खोलीचा सांगाडाच नवा करायला हवा होता.

जवळपासचे सुतार रावजीने एकेक करून शिव्या देऊन घालवले. शेवटी आला गुरप्पा, अक्कलकोट नाक्यापलीकडचा. गाड्या करायचा, घरांच्या चौकटी करायचा. तोही काही संत नव्हता. गिऱ्हाइकाला मूर्ख ठरवल्याशिवाय त्याच्या हाताला जोर येत नसे. त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली, चाकाला पायाने ढोसलं आणि विचारलं,

"डायवर, हे घर हाय का गाडी?"

"तुला काय करायचंय?"

"गाडीची रीत येगळी, घराची येगळी. काय ते एकदा सांग."

रावजीची ही दुखरी जागा. आमचा माळीसुद्धा 'रावजी गाडीत निजतो' म्हणून हसायचा. तो ताठ झाला.

"घर हाय. सायबाचं हुतं, आता माजं हाय."

झालं. गुरप्पाने घराच्या रीतीने काम धरलं. आपल्याकडचा जुना सुतार घराचं माप नुसतं घेत नाही, ते पारखतो. लांबी-रुंदी बोटांत मोजायची, गुणाकार करायचा, आठाने भागायचं. बाकी काय उरते त्यावर घराचा आय, म्हणजे शकुन, ठरतो. सिंह आला, ध्वज आला तर चांगलं. कावळा आला तर त्या घरात माणूस ठरत नाही, आणि त्याचं पाप सुताराच्या माथी. साहेबाच्या खोलीचा आय कावळ्याचा निघाला. गुरप्पाने कुणाला न विचारता माप बोटा-बोटाने वाढवत नेलं आणि सिंह आणला. मी त्याचा हिशेब करून पाहिला. भागाकार बरोबर होता, बाकी सगळा खुळेपणा.

रावजीला हे कळायला हवं होतं. पण मापाच्या दोरीचं टोक धर म्हटलं तर तो धरेना. ते सुताराच्या हाताखालच्याचं काम. तो लांब उभा राहून साहेबाचे मिस्त्री असे खिळे ठोकत नसत म्हणून सांगायचा, आणि गुरप्पा म्हणायचा, म्हणूनच कुजलं.

आवारातल्या लिंबाखाली, जमिनीवरच, सागवानी सांगाडा उभा राहिला. गुरप्पाने दाराला उंबरा घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दारही त्याने उंच केलं होतं, छप्परही. जुन्या दारातून वाकून शिरावं लागायचं आणि आतही वाकूनच वावरावं लागायचं. बजाबाई उंबरा ओलांडून आत गेली, सरळ उभी राहिली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जुनी खोली मोडून काढली आणि माणसं लावून सांगाडा चासीवर चढवायला घेतला. बसेना. खालची दोन्ही लाकडं चासीच्या लोखंडी कानांच्या बाहेर लोंबत होती, बोल्ट घालणार कुठे? रावजी ओरडायला लागला, की जास्तीचं काप, आत्ताच्या आत्ता काप.

"घर म्हनलास न्हवं?" गुरप्पा म्हणाला. "घराला चाकं कुटं असत्यात?"

सांगाडा पुन्हा लिंबाखाली उतरवायला लावून त्याने हत्यारं पोत्यात भरली. पुजलेल्या उंबऱ्याला करवत लावत नाहीत, आणि उद्या खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं देवापुढे मांडतात, दसरा होईपर्यंत कोणी उचलत नाही. रावजी सोलापूरभर हिंडला. एक सुतार तयार होईना. संध्याकाळी अण्णांकडे येऊन त्याने मुदत मागितली, तीही माफीचा शब्द न काढता. अण्णांनी दिली नाही. माझे वडील शब्दाचे पक्के होते, मनाचे मोठे नव्हते.

नवमीच्या सकाळी रावजीने कुठून तरी करवत पैदा केली. कुणाच्या तरी देवापुढूनच उचलली असणार, कारण तिला कुंकू होतं. तो उंबऱ्यापाशी बसला, तोच बजाबाई येऊन उंबऱ्यावर बसली. चार वर्षांत ही बाई माझ्याशी धड चार वाक्यं बोलली नव्हती.

"करवत ठेवा," ती म्हणाली.

"ऊठ. उद्या चाकावर चढलं न्हाय तर समदं भंगारात जातंय."

"चाकं तुमची हायती. ती घेऊन जावा."

"आन् तू?"

"मोटार हलली की मी हलायचं, सामानावानी. वाकून वाकून पाठ गेली माजी. हितं मला उभं ऱ्हाता येतंय. ह्याला दात लावला तर भाकरी थापाया दुसरी बगा."

रावजीने तिच्या माहेरचा उद्धार केला, मग गुरप्पाच्या सात पिढ्यांचा. ती उठली नाही. त्याने हात उगारला तेव्हा मी ओसरीवरून खाली उतरले आणि म्हटलं, लावून तर बघ. त्याने करवत लिंबाच्या बुंध्यावर फेकली.

दसऱ्याला तो उघड्या चासीवर रॉकेलचं खोकं ठेवून, त्यावर खाकी कोटात बसून फाटकाबाहेर गेला. रस्त्यावरची माणसं हसली. मीही हसले. सांगाड्यासाठी अण्णांनी एक दिवस जास्त दिला, कारण तो बजाबाईने मागितला. गुरप्पा आपल्या बैलगाडीवर तो होटगी रस्त्याला घेऊन गेला. तिथे तिच्या भावाची थोडी पडीक जमीन होती. बजाबाई भांड्यांचं गाठोडं घेऊन गाडीमागून चालत गेली.

रावजीने चासीवर फळ्या ठोकून भुईमुगाची पोती वाहायला सुरुवात केली. जेवायला होटगी रस्त्याला यायचा, पण आत पाऊल टाकायचा नाही. बायको भाकरी बाहेर आणून द्यायची आणि हा लॉरीत बसून खायचा. काही वर्षांनी मी तिथे गेले तेव्हाही तसाच बसला होता. आत का जात नाहीस, असं विचारलं.

"ते सुताराचं घर हाय, ताईसाहेब."

मग पावसात भिज, म्हटलं. तो भिजायचाच.

एका थंडीत तो लॉरीतच गेला, दारापासून दोन हातांवर. भाऊबंद म्हणाले, निदान आता तरी आत घ्या, आत नेऊन अंघोळ घालू. बजाबाई दारात ताठ उभी होती.

"जित्तेपनी न्हाय आला," ती म्हणाली, "आता त्याच्या मनाविरुद्ध मी कशाला आनू?"

तिरडी बाहेरच बांधली.