ताडपत्रीखालचा पेंढा

आता चहा ओतलाच आहे तर सांगूनच टाकतो. माझ्या अख्ख्या नोकरीत शेतावर यशस्वी झालेला प्रयोग एकच, आणि आयुष्यात केलेला सगळ्यात मोठा गाढवपणाही तोच.

मी लखनौत जिवाणू पाळतो. म्हणजे पगार त्याचाच मिळतो. आमचे जिवाणू एक एन्झाइम सोडतात, ते पेंढ्यातला चिवट भाग तोडतं आणि पेंढ्याचं खत होतं. प्रयोगशाळेतल्या बरणीत हे काम झकास चालायचं. शेतावर नेलं की त्याच जिवाणूंची तब्येत बिघडायची. दोन वर्षं मी जिथे जिथे फवारलं, तिथला पेंढा होता तसाच राहिला. मीटिंगमध्ये लोक मला 'पानीवाले डॉक्टर' म्हणायला लागले होते.

अशा वेळी मला रफ़ीक़ मियाँ आठवले. मलिहाबादच्या रस्त्यावर त्यांची दशहरीची छोटी बाग आहे. पावडर न लावता, घरीच पिकवलेले आंबे. दर जूनला पहिली पेटी कानपूरला लेकीकडे, दुसरी आमच्या आलमबागच्या घरी, हा त्यांचा शिरस्ता.

एप्रिलात गेलो. बागेच्या कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याचा हा मोठा ढीग, वर ताडपत्री, कडेने विटा लावलेल्या. आता तुम्हीच सांगा, कचरा कोणी ताडपत्रीखाली झाकून ठेवतं का? पण मला ढीग तेवढा दिसला.

मी विचारलं, मियाँ, हे पुआल प्रयोगाला मिळेल का? त्यांनी ताडपत्रीवरची सरकलेली वीट नीट लावली. मग म्हणाले, "आप ही का है, डॉक्टर साहब। पहले चाय तो पी लीजिए।"

चहा प्यालो आणि पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, तिकडे झाडांखाली पानं पुष्कळ पडलीत, ती बघा. मी त्यांना आंब्याचं पान किती चिवट असतं यावर पाव तास भाषण दिलं. मग म्हणाले, आज ऊन फार आहे, कल देख लेंगे. मला वाटलं, माझ्याच काळजीने बोलतायत. काय माणूस आहे! मी टोपी चढवली आणि फवारायला लागलो.

आमच्या रत्नागिरीकडचा बागवाला असता, तर मी ढिगाकडे नुसतं बघितल्याबरोबर ओरडला असता, "हात लावू नको त्याला!" लखनौत बारा वर्षं काढूनही मी त्याच आरोळीची वाट बघत होतो. ती आली नाही, म्हणजे परवानगी मिळाली, असं माझं गणित.

पुढचं ऐका. ढीग ओला ठेवायला हवा होता. ते काम मी मियाँवरच सोपवलं. सत्तरीचा माणूस दर तिसऱ्या दिवशी पाइप ओढत आणून स्वतःच्या पेंढ्यावर पाणी मारत होता. फोनवर विचारलं की म्हणायचा, सब ठीक है.

महिन्याभराने बघतो तर ढिगाची माती झालेली. काळीभोर, भुसभुशीत. मी मियाँना मिठीच मारली. त्यांनी मूठभर हातात घेतली, बघितली आणि म्हणाले, "मुबारक हो।" मी आमचा दोघांचा फोटो काढला, पत्रकावर छापला, वर मोठ्या अक्षरांत 'पुआल अब बोझ नहीं' असा मथळा दिला आणि पत्रकांचे चार गठ्ठे वाटायला म्हणून त्यांच्याच ओसरीत ठेवून आलो. हज़रतगंजच्या कचेरीत माझं कौतुक झालं. पेढेसुद्धा वाटले मी.

जूनमध्ये पेटी आली. बायकोने उघडली, तर एकेक आंबा माझ्या पत्रकात गुंडाळलेला. बरेच अर्धवट पिकलेले, काही सुरकुतलेले.

ती म्हणाली, "अहो, यंदा अढीचा पेंढा नाही का घातला त्यांनी?"

दर वर्षी त्या पेटीतला पेंढा मीच झटकून काढायचो. आणि लहानपणी माळ्यावर आंब्यांसाठी राखलेला पेंढा तुडवला म्हणून वडिलांच्या हातचा मार खाल्लेला मुलगाही मीच!

फोन लावला. मियाँ काही झालंच नाही अशा आवाजात बोलले. भात कापल्यापासून अढीसाठी राखलेला पेंढा तेवढाच होता. ऐन जूनमध्ये दुसरीकडे कुठे मिळाला नाही. बहुतेक आंबे कच्चेच व्यापाऱ्याला दिले, थोडे कागदात घालून पिकवून बघितले. "आपके पर्चे बड़े काम आए।"

मी कानपूरचं विचारलं.

"बिटिया को इस बार नहीं भेजे। जितने पके, आपके यहाँ भेज दिए।"

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. मी कसंबसं म्हणालो, "मियाँ, आपने मना क्यों नहीं किया?"

"किया तो था, डॉक्टर साहब," ते हळूच म्हणाले. "तीन बार।"

मी म्हणालो, भात निघाला की पेंढा घेऊन मी स्वतः येतो, पुढच्या वर्षीची अढीसुद्धा मीच लावून देतो.

"ज़रूर आइए," मियाँ म्हणाले. "बाग़ आप ही का है। पहले चाय पी लीजिएगा।"

नोव्हेंबरात मी गाडीभर पेंढा पाठवला. गाडीत मी बसलो नाही.