रोहिदास सरांचे गप्प बसायचे दहा दिवस

निमोण्याच्या रोहिदास सरांना प्रश्न विचारायची खोटी, की उत्तर तयार! वर्गात तयार, पारावर तयार, लग्नाच्या पंगतीतही तयार. बावीस वर्षं शिकवत होते, पण 'मला माहीत नाही' असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं असेल तर शपथ.

आणि नेमका हाच माणूस ऑनलाइन गटप्रकल्पाचा ॲडमिन झाला! निमोण्याची सहा पोरं, कुरकुंभच्या शाळेतली सहा, सगळी आईबापाच्या फोनवर. विषय साधा: दोन्ही गावांच्या नळांना मिळून एकच वेळ ठरवायची, तर पाणी कधी सोडावं? पोरांनी माहिती काढायची, वाद घालायचा, स्वतः निर्णय घ्यायचा. सरांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, "सकाळी सहा." झालं! खाली बारा अंगठे, प्रकल्प खलास.

कुरकुंभच्या दीक्षा मॅडमनी फोन केला. "सर, विचार पोरांनी करायचाय. ते उत्तर पुसा आन् दहा दिवस तोंडाला कुलूप लावा. जमंल?"

"न जमायला काय झालं!" सर म्हणाले आणि उत्तर पुसून टाकलं. मॅडमपुढं हसं होऊन चालणार नव्हतं.

चार दिवस पोरं सरांच्या उत्तराचीच वाट बघत राहिली. मग कुरकुंभच्या संघर्षनं लिहिलं, "माझे आईपप्पा दोघं कंपनीत. रात्रपाळी सातला सुटती. सहाला पाणी भरणार कोण?" निमोण्याची अक्षदा तर वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. तिनं सुनावलं, "आन् आमच्याकडं सातला समदी झेंडू तोडायला जात्यात, त्यांचं काय?" पोरं घरोघर विचारत सुटली. तक्ते झाले, रुसवेफुगवे झाले. सरांची बोटं नुसती शिवशिवत होती.

नवव्या दिवशी राहवलंच नाही. "सकाळी सहाच योग्य," असं ठोकून दिलं आणि अंगठ्यांची वाट बघत बसले. एकही आला नाही. अक्षदाचा मेसेज तेवढा आला, "सर, कशावरून? तुमच्या घरी पाणी कोण भरतं?"

सर लालबुंद. कालची पोर, आन् मला विचारती! तावातावानं "आमच्या घरी बायको भरते, आणि तिला सहाची वेळ..." एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. शेवटी फोन हातात तसाच धरून स्वयंपाकघरात गेले. अंजनाबाई भाकरी थापत होत्या.

"अगं, नळाला पाणी किती वाजता आलं तर तुला बरं पडंल?"

बाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"एकोणीस वर्षं झाली लग्नाला. आज इचारलंत व्हय?" त्यांनी पायानं पाट पुढं सरकवला. "बसा खाली. लय सांगायचंय."